चपलेतला खडा : पापाची शंका, मंत्रचळ आणि देवाची दया



येत्या ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, संत आल्फोन्सस लिगोरी यांचा सण आहे. पहिले स्पेनमधील एका सरदार घराण्यातले सैनिक, येशूसंघाचे संस्थापक. गोव्यात ज्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन आपण घेतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे सोबती व मार्गदर्शक. दुसरे इटलीतील नेपल्सचे वकील, पुढे धर्मगुरू व बिशप झालेले, रिडेम्प्टरिस्ट संघाचे संस्थापक. दोघांच्या जन्मात दोनशे वर्षांचे अंतर. पण एका दुखण्याने हे दोन्ही संत एकमेकांशी जोडलेले आहेत. दोघांनाही पापाच्या शंकेने छळले होते. क्षमा मिळालेल्या पापांची पुन्हा पुन्हा शंका येणे, पाप नसेल तिथे पाप दिसणे, पापनिवेदन करूनही मनाला शांती न मिळणे, हे दोघांनीही भोगले.

या दुखण्याला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा टोकदार खडा’ असा आहे. चपलेत खडा शिरला की माणूस चालतो, पण प्रत्येक पावलाला तो टोचतो. दुसऱ्याला तो दिसत नाही. आज वैद्यकशास्त्र या दुखण्याच्या तीव्र रूपाला ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, या आजाराचा एक प्रकार मानते. आपल्या बोलीत या आजाराला जुना शब्द आहे, ‘मंत्रचळ’. हात धुण्याचा चळ, कडी तपासण्याचा चळ आपल्याला ठाऊक असतो. पण हा चळ प्रार्थनेत आणि पापनिवेदनातही शिरतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या रविवारी हा विषय अभ्यासासाठी घेत आहोत.

१. हे दुखणे कसे दिसते?

आपण एका भगिनीचे चित्र डोळ्यांसमोर आणू. हे कुणा एका व्यक्तीचे वर्णन नाही. अशा अनेकांच्या जीवनात जे घडते ते आम्ही एकत्र केले आहे.

रविवारची सकाळची मिस्सा आहे. ती पहाटे उठली, दात घासले. घासताना पेस्टचा थोडा फेस घशात गेला की काय? मग उपवास मोडला का? कम्युनियनच्या रांगेत ती उभी राहते, पण वेदीजवळ पोहोचण्याआधीच मागे फिरून बाकावर बसते. आजूबाजूचे लोक पाहतात; तिला वाटते, सगळे आपल्याविषयी काहीतरी समजत असतील. शनिवारी संध्याकाळी तिने पापनिवेदन केले होते. घरी परतताना वाटेतच मनात आले, ‘फादरांना मी नीट सांगितले का? एक शब्द राहिला का? मग ते पापनिवेदन खोटे ठरले का?’ आज मिस्सेआधी ती पुन्हा पापनिवेदनाला गेली, तेच सांगितले, आणि तरीही रांगेतून मागे फिरली.

रात्री घरात रोझरी चालते. एका ‘नमो मरिया’ मध्ये तिचे लक्ष उडते. ती मनातल्या मनात ती प्रार्थना पुन्हा म्हणते. मग वाटते, दशक पहिल्यापासून म्हणावे. मुले कंटाळतात, जेवण थंड होते. क्रूसाकडे पाहताना तिच्या मनात अचानक एखादा घाणेरडा शब्द येतो आणि ती हादरते. ‘देवाविषयी असे मनात आले म्हणजे माझ्यात सैतान शिरला का?’ हे ती कुणालाच सांगत नाही.

असेच एका तरुणाचे. बाईक खड्ड्यात आपटली, धक्का बसला. ‘कुणाला उडवले तर नाही ना?’ तो परत जाऊन रस्ता पाहतो. कुणी नसते. घरी येतो, पुन्हा जातो. तीन फेऱ्या झाल्यावरही त्याला झोप लागत नाही. रविवारी तो पापनिवेदनात सांगतो, ‘फादर, मी कदाचित माणूस मारला आहे.’

अशा माणसांना आपण काय म्हणतो? ‘फारच धार्मिक आहे.’ ‘जरा जास्तच करते.’ ‘विश्वास कमी पडतो तुझा.’ आम्हीही असे बोललो आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या बोलण्याने आपण त्यांच्या चपलेत आणखी एक खडा टाकला.

२. चळ वाढतो कसा?

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला, मनात नको असताना पुन्हा पुन्हा घुसणारा विचार, शंका किंवा चित्र. दुसरा, त्या विचाराची भीती घालवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेली कृती: हात धुणे, तपासणे, मोजणे, प्रार्थना परत म्हणणे, पापनिवेदनाला परत जाणे, घरच्यांना विचारत राहणे. काही कृती बाहेर दिसतही नाहीत. सगळे मनातल्या मनात चालते.

कृती केली की घटकाभर बरे वाटते. खरा फास इथेच आहे. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरी टाकली की तो त्या क्षणी गप्प होतो, पण उद्या त्याच वेळी पुन्हा दारात उभा असतो, परवा आणखी दोघांना घेऊन येतो. शंकेचेही तसेच आहे. तिला प्रत्येक वेळी उत्तर दिले की मनाला सवय लागते, ‘ही शंका खरीच धोक्याची होती, बरे झाले आपण काही केले.’ पुढची शंका मग अधिक जोराने येते. तीन वेळा हात धुऊन भागत होते तिथे तीस वेळा धुवावे लागतात.

मग असे विचार फक्त आजारी माणसालाच येतात का? नाही. १९७८ साली रॅकमन आणि डि सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी आजार नसलेल्या सामान्य लोकांना विचारले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य लोकांनाही असेच नकोसे, विचित्र, हिंसक किंवा लज्जास्पद विचार अधूनमधून येतात असे दिसून आले. विहिरीच्या काठावर उभे असताना ‘उडी मारली तर?’ असे कुणाच्या मनात चमकून गेले नाही? सामान्य माणूस तो विचार झटकतो. ओसीडी झालेला माणूस त्या विचाराला धरून बसतो, त्याची चौकशी करतो, स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. आणि विचार नेमके त्याच गोष्टीचे येतात जी त्याला सर्वांत प्रिय असते. लेकरावर जीव असलेल्या आईला लेकराला इजा करण्याचे चित्र दिसते. देवावर प्रेम असलेल्याला देवनिंदेचे शब्द ऐकू आल्यासारखे वाटतात. म्हणून असा विचार आला की आपण वाईट आहोत असा निष्कर्ष काढू नये. ज्याची भीती वाटते, ते आपल्याला नकोच असते.

हा आजार साधारणपणे किशोरवयात किंवा तारुण्याच्या सुरुवातीला डोके वर काढतो. काही घराण्यांत तो अधिक आढळतो. मेंदूतील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा ‘आता झाले, पुरे’ असे सांगण्यात कमी पडते, असे डॉक्टर समजावून सांगतात. धर्मामुळे हा आजार होत नाही. पण ज्या घरात धर्माला मान असतो तिथे तो धर्माचा पोशाख घालून येतो.

३. मानरेसातील ते महिने

१५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणावर असताना संतांची चरित्रे वाचून त्यांचे मन पालटले. १५२२ च्या मार्च महिन्यात ते मोंसेराट येथील मारियामातेच्या देवळात गेले. तिथे त्यांनी सगळ्या आयुष्याचे पापनिवेदन लिहून काढून केले. त्याला तीन दिवस लागले. आपली तलवार त्यांनी मातेच्या वेदीजवळ ठेवली. आता सगळे मागे पडले असे कुणालाही वाटेल.

पण जवळच्या मानरेसा गावात राहू लागल्यावर शंका सुरू झाल्या. ‘ते पाप सांगितले का? नीट सांगितले का?’ ते पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जात. समाधान होत नसे. एका धर्मगुरूंनी सांगितले, जे जे आठवेल ते सगळे लिहून काढा. तेही केले, आणि शंका आणखी बारीक झाल्या. अखेर त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनी सांगितले, ‘अगदी स्पष्ट असेल तेच मागचे पाप सांगा, बाकी नको.’ सल्ला चांगला होता. पण इग्नेशियस यांना तर सगळेच स्पष्ट वाटत होते! फादरांनी ‘मागचे काहीच सांगू नका’ अशी सरळ आज्ञा करावी असे त्यांना मनोमन वाटे, पण तसे बोलण्याचे धाडस होत नव्हते. ओसीडी असलेल्या व्यक्तीला हे वाचताच आपलीच गोष्ट वाटेल.

ते दिवसाचे सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करीत. तरी मन शांत होईना. एका वेळी त्यांच्या खोलीतील एका मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावे असा जोराचा मोह त्यांना होऊ लागला. ‘प्रभो, तुला दुखवील असे काही मी करणार नाही’ असे ते आकांताने म्हणत राहिले. मग देवाने सोडवेपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे ठरवून एक आठवडा ते उपाशी राहिले. फादरांना हे कळताच त्यांनी उपास सोडायला लावला. इग्नेशियस यांनी आज्ञा पाळली. दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी शंकांची माळ पुन्हा सुरू झाली, एका पापातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे.

तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या विचारांची चाल देवाची नाही. देवाचा आत्मा पाप दाखवतो तेव्हा वाटही दाखवतो. हा आवाज मात्र फक्त फिरवत ठेवतो. त्यांनी निश्चय केला, मागच्या पापांचे निवेदन यापुढे करायचे नाही. आणि ते मोकळे झाले. उतारवयात त्यांनी हे सर्व आपल्या एका सहकाऱ्याला सांगितले, आणि ते लिहून ठेवले गेले. ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा शंकांविषयी स्वतंत्र टिपा दिल्या. त्यांचे सार असे, की ज्याची विवेकबुद्धी आधीच नाजूक आहे तिला शत्रू आणखी नाजूक करून मोडू पाहतो. म्हणून अशा माणसाने शंका जिकडे ओढते त्याच्या उलट दिशेला पाऊल टाकावे.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घेऊ. पहिली, सात तासांची प्रार्थना आणि आठवड्याचा उपास यांनी शंका गेल्या नाहीत. अधिक धार्मिक कृती हा या आजारावरचा उपाय नव्हे. दुसरी, प्रत्येकाची सुटका इग्नेशियस यांच्यासारखी एका निश्चयाने होईलच असे नाही. कित्येकांना हा आजार दीर्घकाळ साथ करतो, कमी होतो, ताणाच्या काळात परत वाढतो. संत आल्फोन्सस यांना तर उतारवयातही शंकांनी गाठले. तरी ते ख्रिस्तसभेचे महान गुरू झाले, आणि १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. लिझ्यूची संत तेरेजा हिलाही वयाच्या बाराव्या वर्षी अशा शंकांनी सुमारे दीड वर्ष ग्रासले होते. आपली मोठी बहीण मारी हिला ती एकेक शंका रडत सांगत असे. म्हणजे पावित्र्य आणि हे दुखणे एकाच माणसात असू शकतात.

४. ख्रिस्तसभा काय शिकवते?

शंकेने छळलेल्या माणसाला वाटते की आपण ख्रिस्तसभेचे नियम पाळतो आहोत. खरे तर त्याच्या मनातले नियम ख्रिस्तसभेच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक असतात. काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ.

* महापाप होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती. मनात न बोलावता आलेला विचार म्हणजे संमती नव्हे. तो कितीही घाणेरडा असला, कितीही वेळ टिकला, तरी नव्हे.

* भीती, सवय आणि मानसिक कारणे यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते किंवा नाहीशीही होऊ शकते, असे कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो.

* पापनिवेदनात, नीट आत्मपरीक्षण केल्यावर जी गंभीर पापे आठवतात ती सांगायची असतात. प्रामाणिकपणे विसरलेले पापही क्षमेत येते. त्यामुळे पापनिवेदन खोटे ठरत नाही.

* कम्युनियनआधीचा उपवास एक तासाचा आहे. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. दात घासताना चुकून गिळलेला फेस म्हणजे खाणे नव्हे.

* प्रार्थनेत लक्ष उडाले म्हणून प्रार्थना वाया जात नाही. ती परत म्हणण्याचे बंधन नाही.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट अशी. शंकेचा रोगी एकच मागत असतो, शंभर टक्के खात्री. ‘मी कृपावस्थेत आहे याची मला खात्री हवी.’ अशी अचूक खात्री कुणालाही मागण्याचा अधिकार नाही, हे त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्येच सांगितले आहे. १४३१ साली फ्रान्समधील रुआं येथे संत जोन ऑफ आर्क हिच्यावर खटला चालू असताना तिला अडकवण्यासाठी विचारण्यात आले, ‘तू देवाच्या कृपेत आहेस का?’ तिने उत्तर दिले, नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर देव मला तिथेच ठेवो. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने खात्री मागितली नाही. स्वतःला देवाच्या हातात दिले. विश्वास म्हणजे हेच. खात्री झाली असती तर विश्वासाची गरजच उरली नसती.

५. मग पाप हलके करायचे का?

कुणी विचारील, ‘अशाने लोक पापाची भीतीच सोडतील.’ प्रश्न रास्त आहे. म्हणून जागरूक विवेकबुद्धी आणि आजारी विवेकबुद्धी यांतील फरक ओळखला पाहिजे.

जागरूक विवेकबुद्धी ठरावीक गोष्ट दाखवते, ‘काल तू भावाशी खोटे बोललास.’ माणूस पश्चात्ताप करतो, क्षमा मागतो, भावाशी समेट करतो आणि पुढे जातो. आजारी विवेकबुद्धी म्हणते, ‘कदाचित तू खोटे बोललास. कदाचित पुरेसा पश्चात्ताप झाला नाही. कदाचित पश्चात्तापही खोटा होता.’ पहिलीतून प्रेम वाढते. दुसरीत माणूस स्वतःपुरता उरतो. शेजारी, मुले, नवरा-बायको, गरीब, सगळे दूर जातात. ज्याच्या चपलेत खडा आहे त्याला वाटेतला जखमी माणूस दिसत नाही. म्हणून आजार बरा करणे म्हणजे पाप हलके करणे नव्हे. उलट, खरे प्रेम करायला आणि खरा पश्चात्ताप करायला माणूस मोकळा होतो.

६. उपचार

ओसीडीवर चांगले उपचार आहेत. त्यांतील दोन मुख्य.

पहिला, औषधे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्यांचा परिणाम दिसायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. या औषधांचे व्यसन लागत नाही. रक्तदाबाची गोळी घेताना आपल्याला लाज वाटत नाही, तशीच ही.

दुसरा, वर्तन उपचाराची एक खास पद्धत. १९६६ साली व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने तिचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. तिचा गाभा असा: ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जायचे, आणि भीती घालवणारी नेहमीची कृती करायची नाही. भीती वर चढते, शिगेला पोहोचते आणि कृती न करताही हळूहळू उतरते. मन शिकते, ‘मी काही केले नाही, तरी निभावले.’ सुरुवात सोप्या पायरीपासून असते. ‘नमो मरिया’ एकदाच म्हणायची, लक्ष उडाले तरी पुढे जायचे. नंतर, दात नेहमीसारखे घासून कम्युनियन घ्यायचे. मग, ठरलेल्या दिवसाआधी पापनिवेदनाला न जाता मनातली अस्वस्थता सोसायची. इग्नेशियस यांनी ‘उलट दिशेला पाऊल टाका’ म्हटले ते हेच, असे आम्हाला वाटते.

काही भाविकांना भीती वाटते की डॉक्टर आपल्याला पाप करायला लावतील. तसे करण्याची गरज नसते. आपण कॅथोलिक आहोत हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावे. धर्म काय मागतो आणि आजार काय मागतो हे ठरवताना अडचण आली तर फादर आणि डॉक्टर यांचे एकमेकांशी बोलणे करून द्यावे.

उपचारासाठी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मानसोपचार विभागात जाता येते. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार मनात घोळत असतील, तर थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे आणि डॉक्टरांना गाठावे. संतांनाही तो क्षण आला होता. त्यात लाज नाही.

७. रोजच्या जगण्यासाठी काही पावले

१. एकच पापनिवेदक धरावा. आज या चर्चमध्ये, उद्या त्या चर्चमध्ये असे फिरू नये. आपल्या आजाराविषयी त्यांना मोकळेपणाने सांगावे. त्यांनी घालून दिलेला नियम पाळावा, मग तो ‘महिन्यातून एकदाच’ असो किंवा ‘मागचे काहीही नको’ असो. नियम मोडून विचारायला जाऊ नये. तोच प्रश्न शंभरदा विचारणे हाही चळच आहे.

२. शंकेशी वाद घालू नये. ‘असेल, नसेल, देव दयाळू आहे’ एवढे म्हणून हातातले काम पुढे चालू ठेवावे. मात्र हे वाक्यही मंत्रासारखे मोजून म्हणू नये.

३. विचार ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न करू नये. ‘माकडाचा विचार करू नकोस’ म्हटले की माकडच दिसते. येऊ द्यावा, जाऊ द्यावा.

४. प्रार्थना थोडी, ठरलेली आणि एकदाच. सात तासांची नको. घड्याळ पाहून संपवावी, मन भरले नाही तरी.

५. आत्मपरीक्षण दोन मिनिटांचे पुरे. त्यातील पहिला मिनिट दिवसभरात मिळालेल्या कृपेसाठी ठेवावा.

६. उशीर करावा. हात पुन्हा धुवावेसे वाटले तर दहा मिनिटे थांबावे. उद्या पंधरा. जमले नाही तर स्वतःला शिक्षा करू नये. परवा पुन्हा प्रयत्न करावा.

७. झोप, जेवण आणि काम यांची वेळ सांभाळावी. जागरणाने चळ वाढतो. वाडीत, शेतात, स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या भेटीला, जिथे हात आणि मन दुसऱ्यासाठी राबतात तिथे जावे.

८. घरच्यांसाठी

‘अगं, कडी लागली आहे ना? बघ ना एकदा.’ ‘आई, हे पाप नाही ना गं?’ घरचे लोक प्रेमापोटी उत्तर देतात, दिवसातून वीस वेळा. पण तेही कुत्र्याला भाकरी टाकण्यासारखेच होते. एकदम नकार देऊन तोडू नये. शांतपणे आधी ठरवून घ्यावे, ‘तू विचारलेस तर मी एकदा सांगेन; दुसऱ्यांदा विचारलेस तर म्हणेन, हा तुझा आजार विचारतो आहे, मी तुझ्याजवळ बसते.’ आणि खरोखर जवळ बसावे. थट्टा करू नये, रागावू नये, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगू नये. आज तिने रोझरीचे एक दशक न थांबता म्हटले तर ते तिच्यासाठी डोंगर चढण्याइतके आहे हे ओळखावे. लग्नाच्या मुला-मुलीचा प्रश्न म्हणून आजार लपवण्यापेक्षा वेळेवर उपचार करणे हेच त्याच्या भल्याचे आहे.

समारोप

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. परतताना तो मुलगा बापापुढे काय बोलायचे ते शब्द न् शब्द ठरवून येतो. आपले पापनिवेदन त्याने पाठ केले आहे. पण घरी पोहोचल्यावर काय होते? तो बोलू लागतो आणि त्याचे ठरवलेले बोलणे पुरे होण्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. शेवटचे वाक्य राहूनच जाते. बापाने कधी विचारले नाही, ‘उरलेले वाक्य कुठे आहे?’ आणि आणखी एक पाहा: बापाने त्याच्या पायांसाठी जोडे मागवले. अनवाणी, ठेचाळत आलेल्या लेकराच्या पायांची त्याला काळजी होती.

ज्यांच्या चपलेत हा खडा आहे त्या आमच्या बंधु-भगिनींना आम्ही एवढेच सांगू इच्छितो: तुमचे वाक्य अपुरे राहिले असेल, तरी बाप मिठी मारून झाला आहे. पुढच्या रविवारी रांगेतून मागे फिरावेसे वाटले तर ही गोष्ट आठवा, आणि पाय थरथरत असले तरी पुढे या.

चिंतनासाठी व समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. ‘तुझा विश्वास कमी आहे’ असे आपण कुणाला म्हटले आहे का? आता त्या व्यक्तीशी आपण कसे बोलू?

२. मानरेसा येथे इग्नेशियस यांची प्रार्थना आणि उपास वाढत गेले तरी शांती का मिळाली नाही?

३. आपल्या समूहात मानसिक आजारासाठी औषध घेणाऱ्याला आपण रक्तदाबाच्या रोग्यासारखेच वागवतो का?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या मनातल्या गोंगाटापेक्षा तू मोठा आहेस. ज्यांना तुझ्या क्षमेची खात्री वाटत नाही त्यांना खात्रीशिवाय चालण्याचे बळ दे. त्यांच्या डॉक्टरांना कौशल्य, धर्मगुरूंना धीर आणि घरच्यांना सहनशीलता दे. संत इग्नेशियस, संत आल्फोन्सस आणि संत तेरेजा यांच्या मध्यस्थीने आम्हा सर्वांना तुझ्या घरापर्यंत आण. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.